मक्केची वेस

जेद्दा ते मक्का हे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे. हमरस्ता रुंद आणि सपाट, दोन्ही बाजूंना वाळू आणि बोडके डोंगर. मक्का जवळ येऊ लागली की डोक्यावरच्या पाट्यांवर मार्गिका वाटून दिलेल्या दिसतात. सरळ जाणाऱ्यांसाठी अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेले असते, ‘फक्त मुसलमानांसाठी’. बाजूला फुटणाऱ्या मार्गिकेवर, ‘बिगरमुसलमानांसाठी’. हा फाटा मक्केला लांबून वळसा घालून ताईफच्या डोंगरांकडे निघून जातो. तिथले परदेशी नोकरदार त्याला ‘ख्रिश्चन बायपास’ म्हणतात. त्यावरून जाणाऱ्यांत भारतातून गेलेले हिंदू, शीख, जैन सगळे असतात, पण नाव पडले ते ख्रिश्चनांचे. सरळ गेलेल्या गाडीला पुढे एक प्रचंड कमान लागते. रेहालवर उघडून ठेवलेल्या कुराणाचा आकार आणि त्याखालून वाहणारी वाहने.

आपल्या उंबऱ्यापलीकडे परक्याला येऊ न देणारी पवित्र ठिकाणे जगात पुष्कळ आहेत. पण वीस लाखांहून जास्त वस्तीचे अख्खे शहर, त्यातली दुकाने, दवाखाने, शाळा आणि बसथांब्यांसकट, धर्म बघून बंद ठेवल्याचे दुसरे ठळक उदाहरण आज सापडत नाही. आपल्याकडे हा विषय निघतो तो बहुधा भांडणात. ‘त्यांच्या मक्केत आपल्याला घेतात का?’ असा सवाल असतो आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असते. उत्तर शोधायचे तर ही बंदी कधी आली, किती जागेपुरती आली आणि कोणी ती कशासाठी वापरली हे आधी बघावे लागते. ते बघितल्यावर माझे तरी मत असे झाले आहे की मशीद बंद ठेवणे आणि शहर बंद ठेवणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

मक्केच्या पश्चिमेला जुन्या जेद्दा रस्त्यावर शुमैसी नावाची जागा आहे. येथे आज तपासनाका आहे. याच परिसराचे जुने नाव हुदैबिया. इ.स. ६२८ मध्ये मदिनेहून सुमारे चौदाशे अनुयायी घेऊन काब्याच्या यात्रेला निघालेले मुहंमद पैगंबर येथे अडवले गेले. अडवणारे होते मक्केचे कुरैश. काब्यात तेव्हा अनेक दैवतांच्या मूर्ती होत्या, यात्रेवर शहराचे पोट चालत होते आणि वेशीच्या आत कोणाला घ्यायचे हे कुरैश ठरवत होते. निरोप गेले, आले, घासाघीस झाली आणि तह ठरला: यंदा परत जा, पुढल्या वर्षी या, तीन दिवस राहा, तलवारी म्यानात ठेवा. अनेक अनुयायांना तो तह अपमानाचा वाटला. पण ६२९ मध्ये ते आले, तीन दिवस राहिले आणि अटीप्रमाणे परतले. वेशीवर ताटकळण्याचा अनुभव इस्लामच्या इतिहासात सर्वांत आधी मुसलमानांच्याच वाट्याला आला, तोही आजच्या नाक्याच्या आसपास. हा योगायोग मक्केच्या प्रवासवर्णनांत फारसा कोणी नोंदवत नाही, याचे मला नवल वाटते.

६३० मध्ये पारडे फिरले. मक्का फारशी लढाई न होता हाती आली, मूर्ती हटवल्या गेल्या. काब्याची किल्ली मात्र पैगंबरांनी ज्या घराण्याकडे पूर्वीपासून होती त्याच घराण्यातल्या उस्मान बिन तल्हाकडे परत दिली. बनू शैबा या त्यांच्या शाखेकडे ती आजही आहे. पुढच्या वर्षीच्या हजमध्ये, म्हणजे ६३१ मध्ये, जाहीर केले गेले की यापुढे अनेकेश्वरवाद्यांनी काब्याभोवतीच्या मस्जिद-ए-हरामजवळ येऊ नये. कुराणाच्या नवव्या अध्यायातली अठ्ठाविसावी आयत ती हीच. या आयतीत अनेकेश्वरवाद्यांना अपवित्र म्हटले आहे. सभ्यपणाच्या नावाखाली हे लपवण्यात अर्थ नाही. सुन्नी न्यायशास्त्रज्ञांपैकी बहुतेकांनी त्याचा अर्थ श्रद्धेची अशुद्धता असा लावला, शरीराची नव्हे. शिया परंपरेतल्या अनेक जुन्या पंडितांनी मात्र शरीराचाही विटाळ मानला. याच आयतीत लगेच पुढे एक व्यवहाराची गोष्ट येते. यात्रेकरू घटले तर गरिबी येईल, अशी भीती वाटत असेल तर ईश्वर आपल्या कृपेने भरपाई करील, असे आश्वासन आहे. धंदा बुडण्याची धास्ती मक्केच्या बाजारात त्या दिवशीच उमटली असणार.

बंदी किती जागेपुरती, यावर पंडितांचे एकमत कधीच नव्हते. शाफई पंथाच्या मते मक्केची संपूर्ण पवित्र हद्द, म्हणजे हरम, बिगरमुसलमानांना बंद, बाकीच्या मशिदींत मुसलमानांच्या परवानगीने जाता येते. मालिकी पंथाने गरजेचे कारण नसेल तर सगळ्याच मशिदी बंद ठरवल्या. हनफी पंथाने सर्वांत सैल अर्थ लावला: आयत यात्रेपुरती आणि कायम वस्तीपुरती आहे, बिगरमुसलमान एरवी थोडा वेळ मशिदीत, अगदी हरमच्या मशिदीतही, येऊ शकतो. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. कोकणी मुसलमान शाफई. रत्नागिरी, रायगडच्या गावांतल्या मशिदींत गावच्या मंडळींना कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने काहीही वावगे घडत नाही, हे बोलावणाऱ्यांनाही नेहमी माहीत असतेच असे नाही.

खुद्द पैगंबरांच्या काळी मदिनेच्या मशिदीत काय चालत होते? नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ आले ते याच मशिदीत बसले. ताईफच्या सकीफ टोळीचे लोक, जे तेव्हा मूर्तिपूजक होते, त्यांनाही येथेच उतरवले. सुमामा बिन उसाल नावाचा पकडून आणलेला सरदार मशिदीच्या खांबाला बांधून ठेवला होता. तीन दिवस त्याने तिथली ये-जा आणि प्रार्थना बघितली, त्याला सोडून देण्यात आले, आणि मग तो आपणहून मुसलमान झाला. हे प्रसंग परंपरेने जपलेले आहेत आणि हनफी पंडित त्यांचा आधार घेतात. पुढे खलिफा उमर यांनी खैबरचे ज्यू आणि नजरानचे ख्रिस्ती हिजाजच्या बाहेर पाठवले. तरीही ६४४ मध्ये उमर यांच्यावर मदिनेच्या मशिदीत खंजीर चालवणारा अबू लुलुआ हा इराणी गुलाम मुसलमान नव्हता, आणि तो मदिनेतच राहून कारागिरी करत होता. म्हणजे बंदी आणि व्यवहार यांत फट होती, आणि ती राज्यकर्त्यांच्या घरापर्यंत पोचलेली होती.

शतकामागून शतके गेली आणि फट बुजत गेली. मक्केची हद्द दगडांनी आखलेली. उत्तरेला तनईम जेमतेम सात किलोमीटरवर, पश्चिमेला हुदैबिया वीसेक किलोमीटरवर. या हद्दीत शिकार करायची नाही, झाड तोडायचे नाही, शस्त्र उपसायचे नाही. बिगरमुसलमानांना मनाई हा त्या नियमांच्या माळेतला एक मणी होता. गंमत अशी की हजचा कळस ज्या मैदानात होतो ते अरफात या हद्दीच्या बाहेर आहे.

दार बंद झाले की त्याच्यापुढे चोरपावलांची रांग लागते. मक्केत वेश पालटून जाणाऱ्या युरोपियनांची यादी लांब आहे. तिच्यातला पहिला नामांकित माणूस आपल्या ओळखीचा निघतो. बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा १५०३ मध्ये दमास्कसला ममलूक रखवालदारांच्या तुकडीत शिरला आणि हजच्या काफिल्याबरोबर मदिना आणि मक्का बघून आला. पुढे एडनला हेर म्हणून तुरुंगात पडला, सुटला आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. चौल, दाभोळ, गोवा, विजापूर ही नावे त्याच्या पुस्तकात आहेत. १५१० मध्ये रोममध्ये छापलेल्या त्या पुस्तकाने युरोपची एक लाडकी गैरसमजूत मोडली. पैगंबरांची शवपेटी लोहचुंबकांच्या जोरावर अधांतरी तरंगते असे ख्रिस्ती जगात सर्रास मानले जाई. वार्थेमाने सांगितले, तसे काही नाही, मदिनेत साधी कबर आहे. त्याच पुस्तकात मक्केत दोन जिवंत एकशिंगी घोडे बघितल्याचेही त्याने लिहिले आहे. एक दंतकथा मोडायची आणि दुसरी सोडायची, हा प्रवाशांचा जुना हिशोब.

एक्सेटरचा जोसेफ पिट्स १६७८ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांच्या हाती लागला, मारहाणीने मुसलमान झाला आणि मालकाबरोबर मक्केला गेला. बर्कहार्ट हा स्विस माणूस १८१४ मध्ये पोचला. त्याचे ज्ञान इतके पक्के होते की कैरोत तो वारला तेव्हा त्याला मुसलमान म्हणून पुरले. पण गाजला तो रिचर्ड बर्टन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला हा अधिकारी गुजराती, मराठी, सिंधी आणि फारसी भाषांच्या परीक्षा पास झालेला. १८५३ मध्ये तो निघाला ते हिंदुस्थानात जन्मलेला, रंगूनला शिकलेला पठाण हकीम बनून. ही निवड हुशारीची होती. अरबी बोलताना चूक झाली तर ‘हिंदी माणूस आहे’ म्हणून खपून जाई, आणि खऱ्या पठाणाशी गाठ पडली तर ‘रंगूनला वाढलो’ ही सबब तयार. काब्याच्या आत शिरून त्याने भिंती, खांब आणि दरवाजे मनात मोजले. लंडनमध्ये त्याचा उदो उदो झाला.

बर्टनचे पुस्तक आजही चवीने वाचले जाते, पण त्यातला एक प्रश्न मला सलतो. त्याच्या सोबत्यांनी त्याला आपला समजून जेवण दिले, आजारात जपले, वाटेत लुटारूंपासून सांभाळले. त्यांच्या विश्वासाची किंमत काय? साहसाच्या कौतुकात हा भाग विरून जातो. हॉलंडचा स्नूक हुर्खोन्ये १८८५ मध्ये मुसलमान झाल्याचे सांगून मक्केत सहा महिने राहिला. त्याला काब्याहून अधिक रस होता तो तिथे राहणाऱ्या जावा-सुमात्राच्या लोकांत. त्याने टिपणे घेतली, छायाचित्रे जमवली, अप्रतिम ग्रंथ लिहिला. आणि नंतर डच सरकारचा सल्लागार होऊन सुमात्रातल्या आचेच्या मुसलमानांचा उठाव कसा मोडावा हे त्याने सांगितले. मक्केतली ओळख त्या कामी आली. परक्यांना आत घेऊ नये, असे म्हणणाऱ्या मक्केच्या उलेमांचा संशय निव्वळ भाबडा नव्हता, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

एकोणिसाव्या शतकात ही बंदी राजकारणातली ढाल झाली. सगळीकडे शिरलेले युरोपियन वकील जेद्दाच्या तटबंदीपाशी थांबत, कारण पुढे जाता येत नसे. १८६५ च्या हजमध्ये पटकीने सुमारे पंधरा हजार यात्रेकरू दगावल्याचा अंदाज आहे. तीच साथ सुएझमार्गे इजिप्त, युरोप करत अमेरिकेपर्यंत गेली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि बोट हिंदुस्थानकडे वळले: पटकी तुमच्या यात्रेकरूंबरोबर येते. इंग्रज सरकारला मक्केतली स्थिती कळायला हवी होती, पण गोरा डॉक्टर पाठवण्याची सोय नव्हती. मग हिंदी मुसलमान डॉक्टर अब्दुर रझ्झाक यांना पाठवले गेले आणि पुढे जेद्दात उपवकील म्हणून नेमले गेले. ते यात्रेकरूंच्या हालांबद्दल अहवाल लिहीत, तिथे सत्ता असलेल्या तुर्कांना ते इंग्रजांचे डोळे वाटत. १८९५ मध्ये जेद्दाच्या वेशीबाहेर बदूंनी त्यांना गोळ्या घातल्या.

मुंबई हे तेव्हा हजचे मोठे बंदर. बोटीची तिकिटे विकणारे दलाल यात्रेकरूंना नागवत, जहाजांत माणसे कोंबत. सुधारणेसाठी सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक या विलायती पर्यटन कंपनीला हजच्या वाहतुकीचे काम दिले. ज्या शहरात कंपनीचा मालक पाऊल ठेवू शकत नव्हता त्या शहराची परतीची तिकिटे ती मुंबईत विकत होती. काही वर्षांत तोट्यापायी तो प्रयोग गुंडाळला गेला. मुंबईहून जहाजाने हजला जाणे मात्र १९९५ पर्यंत चालू होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात गाठोडी सोडून बसलेले यात्रेकरू हे जुन्या मुंबईकरांच्या आठवणीतले दृश्य आहे.

बंद दारामागे काय असेल, याच्या कल्पना बाहेरच्यांनी हव्या तशा रंगवल्या. युरोपने तरंगती शवपेटी रंगवली. आपल्याकडे पु. ना. ओक यांनी काबा हे मूळचे शिवमंदिर असल्याचे लिहिले आणि ते आज मोबाइलवरून घरोघर फिरते. त्याला ना शिलालेखाचा आधार आहे ना उत्खननाचा. काब्याच्या आत काय आहे ते गुपित नाही. जमिनीपासून दोन मीटरहून उंचावर दार, त्याला लावायला चाके असलेला जिना. आत संगमरवरी फरशी, छताला आधार देणारे तीन लाकडी खांब, खांबांच्या मध्ये टांगलेले जुने दिवे, भिंतींच्या वरच्या भागावर कापड आणि कोपऱ्यात छतावर जाणारी वाट. बाकी खोली रिकामी. धुण्याच्या विधीच्या दिवशी झमझमचे पाणी आणि गुलाबपाणी घेऊन मोजकी माणसे आत जातात. किल्ली बनू शैबाच्या ज्येष्ठाकडे. म्हणजे बाहेर प्रदक्षिणा घालणाऱ्या लाखो मुसलमानांपैकी जवळजवळ कोणालाच हे दार खुले नाही. बंदीच्या आत बंदी आहे, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार ऐकू येत नाही.

मोरोक्कोची गोष्ट याहून वेगळी आहे आणि मला ती फार बोलकी वाटते. फेझ किंवा माराकेशच्या जुन्या गल्ल्यांतून फिरणारा परदेशी पर्यटक मशिदीच्या उघड्या दारातून कारंजे आणि निळ्या-हिरव्या फरशा बघतो, आणि उंबऱ्यावर थांबतो. त्याला वाटते, इस्लामचा नियम असणार. मालिकी पंथाचा कल तसा आहे खरा. पण आजच्या कडक मनाईला जोर मिळाला तो फ्रेंच रेसिडेंट जनरल ल्योते याच्या आदेशाने. १९१२ मध्ये संरक्षित राज्य आले तेव्हा शेजारच्या अल्जीरियात फ्रेंचांनी काय करून ठेवले होते हे त्याला ठाऊक होते. अल्जियर्सची केत्शावा मशीद १८३२ मध्ये बळकावून तिचे कॅथेड्रल केले होते, ती मुसलमानांना परत मिळाली १९६२ मध्ये. असे वैर पुन्हा नको म्हणून ल्योतेने आपल्याच गोऱ्या माणसांना मशिदींच्या बाहेर ठेवले. जेत्याने जितांच्या भल्यासाठी केलेला नियम स्वतंत्र मोरोक्कोने तसाच चालू ठेवला. १९९३ मध्ये कासाब्लांकाला समुद्रकाठी हसन द्वितीय मशीद उभी राहिली तेव्हा तिच्यात मात्र ठरावीक वेळी, मार्गदर्शकासोबत, तिकीट काढून सर्वांना प्रवेश दिला गेला. धर्म तोच, पंथ तोच, देश तोच.

जेरुसलेमला गाठ आणखी घट्ट बसते, कारण तिथे एकाच उंचवट्यावर दोन धर्मांचा हक्क आहे. मुसलमानांचे हरम अल-शरीफ आणि ज्यूंच्या नष्ट झालेल्या मंदिरांची टेकडी एकच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिगरमुसलमान आत गेला तर जिवावर बेते. फ्रेडरिक कॅथरवुडने १८३३ मध्ये इजिप्शियन अधिकाऱ्याचा पोशाख चढवून सोनेरी घुमटाच्या वास्तूची मोजमापे आणि चित्रे काढली. क्रिमियन युद्धानंतर ब्रिटन-फ्रान्सच्या उपकाराखाली असलेल्या तुर्कांनी दार किलकिले केले. १९६७ मध्ये इस्राएलने पूर्व जेरुसलेम जिंकल्यावर संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी मान्य केलेली व्यवस्था अशी: आवाराचा कारभार मुसलमान वक्फकडे, इतरांना भेट द्यायला मुभा, प्रार्थना फक्त मुसलमानांची. पर्यटकांनी यायचे ते मुघराबी दरवाजातून, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. त्या दरवाजाकडे जाणाऱ्या वाटेवर इस्राएलच्या मुख्य रब्बींची पाटी आहे: तोरेच्या नियमाप्रमाणे या टेकडीवर कोणी जाऊ नये. पवित्र जागेवर अशुद्ध पावले पडू नयेत म्हणून ज्यूंनी ज्यूंना केलेली ही मनाई! २८ सप्टेंबर २००० रोजी इस्राएलचे विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन बंदोबस्तात तेथे गेले, दंगली उसळल्या आणि आवार जवळजवळ तीन वर्षे इतरांना बंद राहिले. पुन्हा उघडले, पण मशिदीच्या आत आणि घुमटाखाली बिगरमुसलमान पर्यटकांना जाता येत नाही. येथे दार किती उघडे असावे यावर माणसे मेली आहेत. अशा जागी ‘सर्वांना खुले करा’ ही मागणी दिसते तितकी निष्पाप नसते. खुले कोणाच्या बंदुकीच्या जोरावर करायचे, हा प्रश्न तिच्या पोटात असतो.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतात दर्ग्याच्या दारात कोणी जात-धर्म विचारत नाही. माहीमच्या मखदूम अली बाबांच्या उरुसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या समाधीची वहिवाट पिढ्यानपिढ्या एका ब्राह्मण कुटुंबाकडे आहे, आणि तो डोंगर मलंगगड की हाजी मलंग यावर दर वर्षी घोषणा घुमतात. मशिदींचे म्हणाल तर ४ एप्रिल १९१९ रोजी दिल्लीच्या जामा मशिदीतून भगवी वस्त्रे घातलेले आर्यसमाजी स्वामी श्रद्धानंद हजारो मुसलमानांपुढे बोलले. रौलट कायद्याविरुद्धच्या त्या दिवसांत हे घडू शकले. सात वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, एका मुसलमान माथेफिरूने त्यांचा खून केला हेही त्याच दिल्लीत घडले.

‘मक्केत आम्हाला घेत नाहीत’ म्हणणाऱ्याने पुरीच्या जगन्नाथाच्या सिंहद्वारावरची पाटी आठवावी. आत फक्त हिंदू. पारशाशी लग्न केलेल्या इंदिरा गांधींना, त्या पंतप्रधान असताना, तेथे आत घेतले गेले नाही. भुवनेश्वरच्या लिंगराज मंदिराबाहेर लॉर्ड कर्झनसाठी बांधलेला चौथरा आजही आहे. व्हाइसरॉयने मंदिर बघितले ते भिंतीवरून. गुरुवायूरच्या कृष्णाची भजने गाऊन अमर करणाऱ्या, जन्माने ख्रिस्ती असलेल्या येसुदासांना त्या देवळात प्रवेश नाही. मुंबईत फोर्टात किंवा दादरला पारशी अग्यारीच्या दारात पंख असलेल्या बैलांच्या मूर्ती बघत आपण कितीदा पुढे गेलो असू. आत जायचे कधी मनातही आले नाही, आणि त्यावाचून पारशांशी आपले काही बिघडले नाही. तिथे तर धर्म स्वीकारूनही आत जाता येत नाही, जन्म पारशाचा लागतो. मक्केचे दार निदान कलमा पढणाऱ्याला लगेच उघडते, मग तो नॉर्वेचा असो की नागपूरचा.

त्यामुळे प्रार्थनेची जागा आपल्या लोकांपुरती ठेवण्याचा हक्क मी मानतो, मशिदीचा, देवळाचा आणि अग्यारीचाही. त्या हक्काला मोठी मर्यादा आहे ती आपल्याच लोकांना बाहेर ठेवण्याची. १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी केलेले उपोषण यांचा झगडा याच मर्यादेसाठी होता. विठोबाच्या भक्तालाच विठोबापासून तोडले जात होते. हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याची बायकांना झालेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये रद्द केली, तीही याच जातीची. मक्केबाहेर उभा असलेला बिगरमुसलमान या भक्तांच्या जागी बसत नाही. त्याला बहुतेक वेळा बघायचे असते, आणि बघण्याची इच्छा कितीही प्रामाणिक असली तरी तिला भक्तीइतके वजन देता येत नाही. शिवाय हजच्या पाच-सहा दिवसांत जिथे वीस लाखांच्या आसपास माणसे एकाच वाटेने चालतात तिथे हौशी गर्दी आणखी वाढवणे शहाणपणाचे ठरणार नाही.

शहराचे तसे नाही. मशिदीचा उंबरठा तिथले नमाजी आणि विश्वस्त राखतात. शहराची वेस राखायला सरकार लागते, आणि सरकार ती निवासपत्रावर माणसाचा धर्म नोंदवून राखते. अपघात झालेल्या माणसाला जवळच्या इस्पितळात न्यायचे की बायपासने, हा प्रश्न श्रद्धेचा राहत नाही. हनफी पंडितांनी हजार वर्षांपूर्वी केलेला सैल अर्थ उपलब्ध असताना सौदी राज्याने कडक अर्थ निवडला, कारण दोन पवित्र मशिदींचा सेवक ही तिथल्या राजाची पदवी आहे आणि त्या पदवीवर त्याचे राज्य टेकलेले आहे. निवड राज्याची आहे, म्हणून ती बदलतेही. मदिनेच्या रस्त्यांवरच्या ‘फक्त मुसलमानांसाठी’ या पाट्या २०२१ मध्ये उतरल्या आणि तिथे हरमच्या हद्दीचा उल्लेख आला. बिगरमुसलमान आता मदिना शहरात फिरू शकतो, फक्त मशिदीच्या आवारापाशी थांबतो. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या तत्कालीन अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी हजचा करार करण्यासाठी जेद्दाला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मदिनेला जाऊन मस्जिद-ए-नबवीच्या बाहेरून परिसर, उहुदचा डोंगर आणि कुबाची मशीद बघून आल्या. आयत तीच राहिली, पाटी बदलली.

हा बदल दडपणाने किंवा घुसखोरीने झालेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जुलै २०२२ मध्ये गिल तमारी हा इस्राएली दूरचित्रवाणीचा पत्रकार मक्केत शिरला, अरफातपर्यंत गेला आणि चित्रफीत दाखवून मोकळा झाला. बर्टनला मिळाली तशी वाहवा त्याला मिळाली नाही. खुद्द इस्राएलच्या एका मंत्र्याने त्याला मूर्खपणा म्हटले, पत्रकाराला माफी मागावी लागली आणि त्याला गाडीतून नेणारा सौदी माणूस पोलिसांच्या ताब्यात गेला. पाहुणा मायदेशी, यजमान गजाआड.

मक्केची वेस मदिनेसारखी कधी आक्रसून मशिदीपर्यंत येईल का? कामाच्या पातळीवर ती झिरपू लागलेलीच आहे. मदिनेच्या मशिदीच्या पटांगणात उन्हाला उघडणाऱ्या अडीचशे प्रचंड छत्र्या एका जर्मन वास्तुरचनाकाराच्या कार्यालयाने रचल्या. तो आधीच मुसलमान झालेला होता. पण त्या छत्र्यांचे पोलाद, कापड आणि यंत्रे कोणत्या धर्माच्या हातांनी बनवली हे कोणी विचारले नाही. आणि २७ जानेवारी २०२५ रोजी सौदीच्या भांडवल बाजार नियामकाने एक निर्णय जाहीर केला. मक्का आणि मदिनेत जमीनजुमला असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे समभाग परदेशी गुंतवणूकदारांना घेता येतील, एकूण ४९ टक्क्यांपर्यंत. त्यात धर्माची अट नाही. काब्याच्या समोर उभ्या असलेल्या हॉटेलांच्या कंपन्या यात येतात. दादरला बसलेला एखादा जोशी उद्या त्या हॉटेलात भागीदार होऊ शकतो, वर्षाचा लाभांश घेऊ शकतो. त्याच हॉटेलात खोली मात्र त्याला घेता येणार नाही, बायपासवरून वळून जावे लागेल. यात्रा घटली तर पोटाचे काय, ही ६३१ सालची काळजी आता रियाधच्या अर्थखात्याने आपल्या हाती घेतली आहे, आणि अर्थखात्यांना वेशी फार काळ परवडत नाहीत.